चमचा आणि ग्लास

अर्नफिनने चमच्याने ग्लासावर ठोके दिले. पहिला जोरात, दुसरा अगदी हलका, तिसरा बेताचा. शब्द ओठांवर आलाच होता, इतक्यात सभागृहभर ग्लास खणखणू लागले. नवरानवरी हसत खुर्च्यांवर चढली आणि त्यांनी एकमेकांचं चुंबन घेतलं. नॉर्वेतल्या वॉसमधल्या लग्नात ग्लास वाजला की हे करावंच लागतं.

अर्नफिन थांबला. मुलीच्या बापाने भाषण करायचं असतं आणि त्याचं भाषण एकाच शब्दाचं होतं. स्वी-गेर-सन, म्हणजे जावई. पक्षाघाताचा झटका येऊन वाचा जायच्या आधी तो आजच्या नवरदेवाबद्दल शेवटचं धड बोलला होता, ते म्हणजे, "तो सोन्द्रे माझा कुणी लागत नाही." त्या वाक्याने हिवाळाभर त्याचा जीव खाल्ला होता.

वाचा परत आणण्यासाठी येणारी गुन्वोर त्याला बजावायची, "जोडशब्दाचा जोर पहिल्या तुकड्यावर. स्वी दणकून म्हण, गेर उरकून टाक, सन निम्म्या जोरावर सोड. हात पुढे गेला की जीभ मागोमाग येते." ठोके देऊन देऊन घरच्या जेवणाच्या टेबलाचा रंग उडाला होता. आज शब्द येणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

त्याने पुन्हा ठोके दिले. पुन्हा खणखणाट, पुन्हा चुंबन. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा शेजारी बसलेल्या भावाने, ओडवारने, हळूच चमचा काढून घेतला.

"पुरे रे, पोरं दमली. मी बोलतो तुझ्याऐवजी."

चमचा गेला आणि जीभ टाळ्याला चिकटली. अर्नफिनला रडू आलं. ओडवार उठून घसा खाकरू लागला.

तेवढ्यात सोन्द्रे खुर्चीवरून उतरला आणि सरळ सासऱ्यापाशी आला. तिन्ही वेळा ताल एकच होता, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने आपला तळवा पुढे केला.

"इथे वाजवा. इथे आवाज होणार नाही."

अर्नफिनने त्या तळव्यावर बोट आपटलं. जोरात, हलकं, बेताचं.

"स्वी-गेर-सन."

सोन्द्रेने तळवा मिटून घेतला.

मग अर्नफिनने ओडवारच्या हातातला चमचा हिसकावला, कसलाही ताल न धरता ग्लास दणादण वाजवला आणि जावयाला बोटाने खुर्ची दाखवली.