बाबालालचा तळहात

"अरे, तिला बांधता कशाला? पोरीनं केलंय काय?" तंबू टॉकीजमध्ये सुभेदार धुमाळ उठून थेट पडद्यावरच्या शिपायांवर ओरडले.

सिनेमा लढाईतल्या हेरगिरीचा. तोफा अशा धडाडल्या, की पुढच्या रांगेतल्या मिशा होरपळल्या. गाणी मात्र रटाळ. नायिका कॅप्टनच्या मिठीत शिरली की तंबूचे बांबू घामेजायचे. पण दोरीपलीकडे बायका बसलेल्या, म्हणून अशा प्रत्येक प्रसंगी ऑपरेटर बाबालाल रिवाजाप्रमाणे प्रोजेक्टरच्या भिंगापुढे तळहात धरायचा. आम्ही अंधारात नुसते उसासे ऐकायचो. विधुर सुभेदार तर तिच्यावर इतके भाळले, की मध्यंतरात घरी जाऊन दाढी करून आले.

"सुभेदार, तिनं नकाशे चोरलेत," बाबालाल म्हणाला.

"कधी? मी डोळ्यांत तेल घालून बसलोय!"

बाबालालनं रीळ मागे फिरवलं. बायकांना डोळे मिटायला सांगितलं. एकीनंही मिटले नाहीत. या वेळी भिंगापुढे हात नव्हता. तिचे ओठ कॅप्टनच्या मानेवर आणि बोटं त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात, नकाशावर. पुढच्या मिठीतही तेच. त्याच्या पुढचीतही.

सगळा तंबू खो खो हसला. सुभेदार हसले नाहीत. "म्हणजे एकदाही खरं नव्हतं?" त्यांनी बाबालालला हळूच विचारलं.

"नव्हतं, सुभेदार."

सिनेमा पुढे सुरू झाला. तिला भिंतीशी उभं केलं, बंदुका रोखल्या गेल्या. गोळ्या सुटल्या तेव्हा सुभेदार तंबूच्या दाराशी वाकून चपला शोधत होते. चपला त्यांच्या पायातच होत्या.