शर्यत सोडून वळलेला डोंगा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बा अंगणात नव्या शिडाला शेवटचे टाके घालत होता. वैनगंगेवरची शिडाच्या डोंग्यांची शर्यत तो सहा वर्षं जिंकत आला होता. शीड त्यानं शिवलेलं, आणि वारा बदलेल तशी सरकून बसत तोल सांभाळणारी मी.

"ऊठ ना वं पोरी, येळ होऊन राह्यला."

"बा, मले ताप आला."

त्यानं कपाळावर हात ठेवला. सुई ओढून तळव्याला इतके घट्टे पडले होते की त्याला ऊन-गार कळत नसे. "झोप मंग," म्हणाला आणि एकटाच गेला.

शर्यतीत तोच पुढे होता, असं काठावरून शर्यत पाहणारे मुखरूकाका सांगतात. अर्ध्या नदीत त्यानं डोंगा एकाएकी पलीकडच्या दवाखान्याच्या घाटाकडे वळवला. परतताना वादळात डोंगा उलटला. बा सापडला तेव्हा त्याच्या कनवटीला तापाच्या औषधाची बाटली होती.

आज वर्षश्राद्ध झालं. सगळे घरी गेल्यावर मी नदीकाठी उभी राहून मोठ्यानं म्हणाले,


"बा, मले ताप नव्हता. चांद्याहून माझ्या शाळेतल्या पोरी शर्यत पाहाले आल्या होत्या. त्यांच्यासमोर तुझ्या डोंग्यात बसाची मले लाज वाटली."