दिवेवाला कॉम्प्युटर

माझ्याच गावच्या, नाचणगावच्या कुंताकाकू लेक मंजुषासाठी गेमिंग कॉम्प्युटर घ्यायला वर्ध्याला माझ्या दुकानात आल्या. पन्नास हजारांच्या वर जायचं नव्हतं. तेवढ्यात चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा एक साधा काळा डबा बसत होता, पण मी दोन वर्षं न खपलेला, जुन्या कार्डाचा कॉम्प्युटर पुढे केला. बटण दाबलं, काचेतून लाल-निळे दिवे फिरायला लागले आणि काकू हरखल्याच.

खोकं बांधून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली.

"मंजूनं लिहून देल्ली होती, दुकानदाराले दाखवजो म्हणे. पण इथं तूच दिसला, मंग काढलीच नाई. गावच्या पोराले काय चिठ्ठी दाखवायची? माहा चष्मा घरी राह्यला, काय लिवलं ते पाह्य बरं."

चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. 'आई, दिवे पाहून घेऊ नको. आतलं कार्ड नवीन आहे का, ते आधी विचारजो.'

 

"सगळं बरोबर आहे, काकू," आधीच चिकटलेली चिकटपट्टी पुन्हा पुन्हा दाबत मी म्हणालो.