पाळणाघरातलं रशियन चित्र

"एकही पोर रडत नाही? असं पाळणाघर मी तरी पाहिलं नाही बाई," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं.

आज ऑफिस लवकर सुटलं. पाळणाघराच्या ताई लेकीला आणायला आत गेल्या, तोवर मी भिंतीवरचं चित्र पाहत राहिले. त्यांच्या कॉम्रेड सासऱ्यांनी रशियातून आणलेलं. सामूहिक शेतावरचं पाळणाघर, खिडकीतून आलेलं पिवळंधमक ऊन, रंगाचे जाड, बेधडक फटकारे, गोबरी हसरी मुलं. किती प्रसन्न! पण सांभाळणाऱ्या बाईच्या मांडीवरच्या मुलीची मूठ मात्र चित्रकारानं बारीक कुंचल्यानं, सावकाश रंगवली होती. फ्रॉक घट्ट धरलेला, बोटं पांढरी पडलेली. सरकारी हुकमाप्रमाणे चेहरे हसवले होते त्यानं. खरं काय ते त्या मुठीत होतं.

लेक आली. चेहरा हसरा, मुठीत फ्रॉक.

"छान राहते हो तुमची!" ताई म्हणाल्या.

फाटकाबाहेर येताच ती कुजबुजली, "आई, आता नाही हसलं तर चालेल?"

मी अजून फाटकापाशीच उभी आहे. आत पाच-सहा मुलं हसत बसलीयत. त्यांत तुमचं कुणी असेल, तर आत्ता या, बघून घ्या.