यंदाची मेणबत्ती

मठातल्या सिस्टरांनी डिम्फनाला सांगितलं होतं, लग्नाआधी झालेलं तिचं पोर आठवड्याभरात गेलं. म्हातारपणी ती दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड बसवायला निघाली, तर सरकारी दप्तरात मृत्यूची नोंदच सापडेना. म्हणून तिनं फादर मॅलकींना चर्चमधली बाप्तिस्म्याची वही उघडायला लावली. पोराच्या नावाशेजारी समासात लिहिलं होतं: १९७९, बोस्टन, विवाह. "मेलेल्याचं लग्न लागतं होय, फादर? अक्षर तर तुमचंच!" "लग्न लागलं की तिकडचं चर्च कळवतं, आम्ही लिहितो. सिस्टरांनी त्याला तिकडे दत्तक दिलं, तुझी अब्रू राखली, बाई." दर नोव्हेंबरला ती पोराच्या आत्म्यासाठी मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, मागायची, आणि हा माणूस सगळं ठाऊक असून डोळे मिटून ती मिस्सा म्हणायचा. "त्याचा पत्ता?" "पत्ता लिहीत नाहीत." "त्याला काय सांगितलंत?" फादरांनी वही मिटली. "आई बाळंतपणात गेली म्हणून." यंदाच्या मिस्सेसाठी आणलेली मेणबत्ती तिनं टेबलावरून उचलली. "म्हणजे तिकडे तोही माझ्यासाठी लावत असेल."