मोजणीताईंचा आकडा

“दुप्पट? शक्यच नाही!” डॉक्टरांनी तक्ता टेबलावर आपटला. “मोजणीताई, एकेक पेशी दोनदा मोजलीत की काय?”

बावीस वर्षं मोजणीताई या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजत होत्या. खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. या वेळी वीस काचपट्ट्या होत्या, डोळ्याचा पडदा कडेकडून मरत जाण्याचा आजार असलेल्या वीस उंदरांच्या. दहा उंदरांना पडदा जपणारं नवं एन्झाइम टोचलं होतं, दहांना नुसतं मिठाचं पाणी. कुठली पट्टी कुणाची हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून पट्ट्यांवर फक्त क्रमांक. उत्तर कपाटात, सीलबंद पाकिटात. आधीची चार औषधं सपशेल फसली होती. आणि आता ताईंच्या तक्त्यात दहा पट्ट्यांवर जिवंत पेशी उरलेल्या दहांच्या दुप्पट!

“यांना समोरचं स्टूल दिसत नाही,” धाकटी संशोधक पुटपुटली, “पेशी काय दिसणार!”

तेही खोटं नव्हतं. स्टुलाला धडकणं, कोपराने चहा सांडणं रोजचंच. सगळे धांदरट म्हणून हसायचे. ताईही हसायच्या.

“दुसऱ्या कुणाकडून मोजून घेऊ,” डॉक्टर म्हणाले.

“खुशाल घ्या. पण आधी पाकीट उघडा. चुकले असेन, तर उद्यापासून या खुर्चीवर बसणार नाही.”

पाकीट फुटलं. डॉक्टर तक्त्यावरून बोट फिरवत एकेक क्रमांक जुळवू लागले. एन्झाइमच्या दहाच्या दहा पट्ट्या ताईंनी दुप्पट दाखवलेल्याच निघाल्या. प्रयोगशाळेत एकच गलका झाला. ताई उठल्या आणि पुन्हा स्टुलाला धडकल्या.

या वेळी डॉक्टर हसले नाहीत. जन्मभर लोकांचे डोळे तपासलेला माणूस तो. त्यांचा चेहराच उतरला.

“ताई, कधीपासून?”

“नऊ वर्षं झाली. या उंदरांचाच आजार. कडेचं सगळं गेलं, मधलं तेवढं लख्ख आहे. मायक्रोस्कोपला तेवढं पुरतं.”

धाकटी ओशाळली. “म्हणजे हे औषध लागू पडावं, असं सगळ्यात जास्त तुम्हालाच वाटत असणार!”

“म्हणून तर,” मोजणीताई ताठ मानेने म्हणाल्या, “जिच्याबद्दल जरा शंका आली, ती प्रत्येक पेशी मी मेलेली धरली.”