चौतीस पक्षी

साहेब, आमच्या लेआउटमागचं, वसाहतीला लागून असलेलं तळं तुम्हीच मारलंत.

तीस वर्षं रोज सकाळी तिथं उभं राहून मी पक्षी वहीत चितारले. दुसरा नाद केला नाही. पालिकेत तळ्याचं सुशोभीकरण ठरलं तेव्हा तुमचा माणूस घरी आला. "अण्णा, स्वल्प, जरा ती वही द्या. कुठले पक्षी येतात, साहेबांना बघायचंय."

बायको हसली, "घ्या! तुमच्या येडेपणाला अखेर गिऱ्हाईक मिळालं."

पक्षी वाचतील म्हणून मी वही दिली. तुम्ही लव्हाळी उपटलीत, काठ काँक्रीटचा केलात. एक पक्षी उरला नाही.



काल उद्घाटनाला माझ्या वहीतले चौतीसच्या चौतीस पक्षी काठावर उभे होते, सिमेंटचे, रंगवलेले. साहेब, यातला एक तरी उडवून दाखवता का?